बांध कुणाचा?

कचेरीतल्या बाकावर बसलेल्या एका शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

"ताई, बांध कुणाचा विचारलं, तर माहीत नाही म्हण."

"का? तळ्यात होड्या फिरवताना आपला होता ना?"

"अगं, बांध पाझरतोय. मालक म्हटलं की दुरुस्ती आपल्या गळ्यात."

"आणि फुटला, तर खालच्या वस्तीच्या गळ्यात?"

"तळं रिकामं करायला लावतील. बाबांचं तळं!"

"मी सकाळीच बांधाची झडप उघडून आलेय. पाणी हळूहळू उतरतंय."

"मला न विचारता?"

"बाबा छाती पुढे काढून सांगायचे, हा बांध माझा. मीही तसंच सांगणार."

तेवढ्यात आतून हाक आली, "तळ्याच्या बांधाचे मालक कोण?"

ताईच्या आधी भाऊच ताडकन उठला. "आम्ही! आम्ही दोघं."