मालकाची खुर्ची

कुणाला सांगू नगंस गड्या, अजून लाज वाटती. कराडातलं आमचं केबल चॅनेल खरं नगरसेवक अण्णांचं. कागदावर मालक मी, त्यांचा ड्रायव्हर. परवाना तपासायला साहेब आले.

"मालक कोण?"

मी ताठ बसून म्हणलं, "मीच की! अण्णांचा काय बी संबंध न्हाई."

साहेब माझ्या मागं बघत म्हणाले, "हेच का अण्णा?"

मला वाटलं, अण्णा दारात आले. सवयीनं खुर्ची सोडली, हात जोडले आन् वळलो. दारात कुणीच न्हाई. भिंतीवरल्या टीव्हीत आमचंच चॅनेल चाललेलं, त्यावर अण्णांचा मोठा फोटो: 'आमचे मालक अण्णा यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, असेच हात जोडलेला.

साहेब म्हणाले, "बसा ना, मालक."

बसवंना रं.