मोबाईलवर न दिसणारं स्थळ

तुम्ही सगळे मला म्हणता ना, मोबाईलवर फोटो टाकत जा, म्हणून सांगतो. उदगीरची मुलगी बघून आलो होतो. मला फार आवडली होती. पण तिचे मामा म्हणाले, "पोरगा सोशल मीडियावर कुठंच दिसंना. कायतरी लपवायलाय."

आपला बालाजी म्हणाला, "येड्या, आता चौकशी तिथंच करतेत. थांब." त्यानं माझं खातं उघडलं, मला गॉगल घातला, सरपंचाच्या गाडीच्या बॉनेटवर बसवलं आणि फोटोखाली लिहिलं, 'आपला नाद करायचा न्हाई'. लाइकवर लाइक पडले. मला लाज वाटत होती, पण लग्नासाठी फोटो राहू दिला.

संध्याकाळी मामांचा फोन आला. मी हळूच विचारलं, "मामा, दिसलो का?"

"दिसलास की," मामा म्हणाले. "शंका व्हती, ती फिटली. आम्ही दुसरीकडं बघायलोत."