साखरेच्या गोळ्या

दवाखान्याचं इंटरनेट सकाळपासून रुसलं होतं. दुरुस्तीला आलेल्या बाईने शिडीवर चढून पेटीतली एक तार काढून पुन्हा बसवली, तसं ते सुरू झालं. "झालं हो!" असं काउंटरवर सांगून ती अवजारं आवरू लागली. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वन्सं, आठ वर्षं खपून पोरानं हाताच्या कंपावर औषध काढलं, आणि काल भरसभेत स्वतःच सांगून आला, की ते लागू पडत नाही."

"असं कसं? चाचणीत मीही होते ना! माझा हात थांबलाच की!"

"तेच सांगायचंय. निम्म्या लोकांना औषध दिलं होतं, निम्म्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या. कोणाला काय दिलंय, ते त्यालाही शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं."

"मग?"

"तुमच्या साखरेच्या होत्या."

"अगं बाई! आणि मी गल्लीभर औषधाची तारीफ करत फिरले!"

"ज्यांना खरं औषध दिलं, त्यांनाही गुण आला तो तुमच्याइतकाच."

"गप्प बसला असता, तर कोणाला कळलं असतं?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतो, 'आई, मला कळलं होतं ना.'"

"लोक हसले असतील गं."

"छे! सगळी सभा उठून उभी राहिली. म्हणाले, दुसऱ्या कोणाची तरी आठ वर्षं वाचवलीस."

"माझ्या दादावर गेलाय हो अगदी."

दुरुस्तीवाल्या बाईने मिटलेली शिडी पुन्हा भिंतीला लावली.

"अहो, झालं म्हणालात ना? चालतंय की!" काउंटरवरून आवाज आला.

"चालतंय खरं. पण कशामुळे, ते बघते."