म्हाळसाच्या हाताचं माप

शेवंताबाई : ये, ये. माझ्या दुकानाची पायरी इसरलीस म्हन की. दोन वर्सं झाली.

म्हाळसा : मावशी, बोला काय बोलायचं ते. ऐकायलाच आलेय.

शेवंताबाई : मी काय बोलू? तवा बोलले तर बांगड्या न भरताच उठलीस. नमस्कारबी न्हाई केलास. चाळीस वर्सं शिरूरच्या बाजारात बांगड्या भरतीय, अशी उठून गेलेली तू एकलीच.

म्हाळसा : तुम्ही चारचौघींत म्हनला, "म्हाळसा, तुझा हात वाढतोय." मला वाटलं, जाडीवरनं चिडवताय.

शेवंताबाई : जाडी दंडाला येती, बाई. बांगडी अडती ती पंज्याच्या हाडाशी. तुझ्या लग्नाचा चुडा मीच भरला, दोन-चारचं माप. तुझी लेक नीलम झाली तरी दोन-चारच. आन् चाळिशीत दोन-आठ? चाळिशीत कुनाचा पंजा वाढतो व्हय? डॉक्टरला दाखव म्हनले, तर बाईसाहेब शेजारच्या दुकानात!

ज्ञानदेव : मावशी, पुण्यात डॉक्टरांनी पयलं हेच विचारलं. हात-पाय कवापासनं वाढत्यात? आमी नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. रोज बघनाऱ्याला काय कळतंय? मग ही म्हनली, आमच्या कासारीन मावशी सांगत व्हत्या, चार वर्सांत दोन मापं वाढली. डॉक्टरांनी पेन थांबवला. मग फाइलीत लिवून घेतलं.

शेवंताबाई : माझं नाव?

ज्ञानदेव : नाव न्हाई, माप.

शेवंताबाई : मापच बरं. पर झालं काय व्हतं? लोक म्हनत्यात मेंदूचं आपरेशन, आन् हिच्या डोक्याला टाका न्हाई. केसबी जागच्या जागी.

ज्ञानदेव : आमच्या कारेगावच्या कंपनीतबी तेच. सुपरवायझर म्हनला, तुला फशिवलं. त्याला सांगितलं, गाठ कवटीच्या पार बुडाला, दोन्ही डोळ्यांच्या मागं. सुपारीएवढी. तिच्या पायी हात-पाय वाढत व्हते आन् डोळ्याच्या नसा दाबल्या व्हत्या. वरनं उघडलं तर मेंदू बाजूला सारावा लागतो. म्हनून दुर्बीन घालून नाकातनं गेले. गाठ तिथनंच काढली.

शेवंताबाई : नाकातनं! आगं बया!

म्हाळसा : दोन्ही बाजूंचं दिसंना झालं व्हतं, मावशी. टांग्याच्या घोड्याला झापडं लावत्यात, तसं. कवठ्याच्या स्टँडवर सायकल अंगावर आली तवा कळलं. डोळ्याच्या डॉक्टरनं पुण्याला धाडलं. अजून सहा म्हैने गेले असते, तर अंधारच व्हता. आता रस्ता ओलांडताना दोन्हीकडची मानसं दिसत्यात. रोज तुमची आठवन येती.

शेवंताबाई : मग हात असे भुंडे का ठेवलेस? नवरा समोर धडधाकट बसलाय.

ज्ञानदेव : आपरेशनच्या आधी बांगड्या काढा म्हनले. हात सुजल्यागत झालेला, निघंनात. सिस्टर म्हनली, कापते. ही म्हनली, मग आपरेशन नको! तासभर साबन लावला. शेवटी म्या माझ्या हातानं वाढवल्या. म्हनलं, मी जिता हाय, आन् तू बी जगायची हायेस.

म्हाळसा : तवाच ठरवलं, आता भरीन तर मावशींकडंच. पर भ्या वाटतंय. गाठीचा बारीक कन राह्यला तर परत वाढती म्हनं. रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट सोमवारी, शेजारच्या एसटीडीवर फोन येनार. मावशी, त्याच्या आधी तुम्ही हात बघा माझा.

शेवंताबाई : मी काय डॉक्टरीन हाय?

म्हाळसा : पयलं तुम्हालाच कळलं व्हतं.

(शेवंताबाई तिचा हात हातात घेऊन बोटं चाचपते.)

शेवंताबाई : ही दोन-आठ. अंगठा आत घे. आं? सुळकन गेली की.

म्हाळसा : मंजी?

शेवंताबाई : मंजी गप बस. दोन-सहा बघू. जोर लावू नको, पंजा माझ्याकडं सोड. सोड म्हनते ना. हं... हं...

ज्ञानदेव : अडली?

शेवंताबाई : अडली न्हाई. बसली.

म्हाळसा : मावशी!

शेवंताबाई : रडू नको, नाक शिंकरावं लागंल. सोमवारी मशीन काय म्हनायचं ते म्हनू दे. माझा हात सांगतोय, तुझा हात उतरलाय. दुसरा आन हिकडं. हिरव्याच भरते.

म्हाळसा : माझे डोळे तुम्ही राखले. आन् मी दोन वर्सं तुमच्यावर रुसून बसले.

शेवंताबाई : रुसलीस तरी माझं बोलनं ध्यानात ठेवलंस. झाल्या बघ दोन्ही हातांच्या.

म्हाळसा : पाया पडते. तवाचा राह्यलेला नमस्कार, आन् आजचा.

ज्ञानदेव : अगं, वाकायचं न्हाई! अजून पंधरा दिस हायेत. वाकलीस तर आतली शिवन सुटंल म्हनलेत.

म्हाळसा : बांगड्या भरून तशीच उठू? परत?

शेवंताबाई : उभी ऱ्हा सरळ. ज्ञानदेवराव, ते स्टूल सारा हिकडं.

ज्ञानदेव : हिला बसायला?

शेवंताबाई : मला चढायला. आन् वरची ती फळी मोकळी करा. तिच्यावर हुबी ऱ्हाते.

ज्ञानदेव : मावशी, ह्या वयात? पडाल!

शेवंताबाई : मग धरा की नीट. हं... म्हाळसा, पड आता पाया. मान वरच ठेव.