जाखाईचं बोट

मंडळी, मला एक सांगा! ज्या हातानं देव सजवला, त्या हातानं माणूस सजवावा का? हात विटाळतो का हो? बरं, मग ऐका.

डोंगराखालच्या गावात दामू गुरव. उभा जन्म जाखाईच्या पूजेत गेलेला. देवीचा मळवट, देवीच्या डोळ्यांच्या कडा, सगळं उजव्या अनामिकेनं. त्या बोटानं त्यानं स्वतःला कधी गंधसुद्धा लावलं नाही. नेमच होता तसा!

त्याची एकुलती एक लेक वृंदा, आईविना वाढलेली. शहरातल्या मोठ्या हॉटेलात आल्यागेल्याचं स्वागत करायच्या नोकरीसाठी त्या दिवशी तिची मुलाखत. चेहरा नीटनेटका हवा! आणि पोरीचा उजवा हात प्लास्टरमध्ये — स्कूटीवरून पडली! डाव्या हातानं आयशॅडो लावायला गेली, तर एक डोळा हसतोय, एक रडतोय! हसू नका काकू, तुमचं काजळ इथून दिसतंय मला!

"तात्या, तुम्ही लावा ना."

"मी? अगं, हे बोट जाखाईचं!"

"मग राहू दे. जातच नाही मी." पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी!

दामूला बघवेना. देवळाकडं तोंड करून हात जोडले, "आई, चुकलो तर शिक्षा मला कर, पोरीला नको!" आणि लावला रंग. कसा? देवीला लावतो तसा — ठसठशीत, पार सभामंडपातून दिसेल असा!

वृंदानं आरसा बघितला. "अहो तात्या, मला काउंटरवर उभं राहायचंय, पालखीत नाही बसायचं!"

पुसलं. मग ती सांगत गेली, तो करत गेला. फिकट तपकिरी, अगदी इवलासा. कडा अशी विरवायची की रंग कुठं संपला ते कळू नये. तिनं डोळे मिटले. बोट पापणीवर टेकलं — आणि पापणी थरथरली!

अहो, जाखाईचे डोळे चांदीचे! ते कधी मिटले नाहीत, कधी हलले नाहीत. आणि इथं बोटाखाली ऊब! जीव! दामूच्या अंगावर सर्रकन काटा आला. "आई गं," तो पुटपुटला, "तू इथं होय!"

"काय झालं तात्या?"

"काही नाही बाळ. डोळे मिटूनच ठेव."

आणि दुसऱ्या पापणीला हात लावण्याआधी बापानं लेकीला नमस्कार केला! तिला तो दिसलासुद्धा नाही.

नोकरी लागली का, विचारताय? लागली हो, लागली! पण मला दुसरंच विचारायचंय. देवापुढं निरांजन ओवाळताना आपला हात किती जपून फिरतो! घरी अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या कपाळावर तो शेवटचा कधी ठेवला होता? आठवा. आठवत नसेल, तर आज प्रसादाला थांबू नका. घरी जा.