विमानाचं लिंपण

रत्नदीप पुण्याहून रजा काढून गावी चालला होता. दुपारी मुलीकडचे, म्हणजे स्वप्नाचे आईवडील, त्याला बघायला येणार होते. ओतूरच्या स्टँडवर बाक भरलेलं, म्हणून तो खांबाला टेकून एस.टी.ची वाट बघत उभा होता. बाकावर एक नवराबायको बोलत होती.

"पोरगा कंपनीत करतो तरी काय?"

"इमानाला रंग देतो म्हनं."

"म्हंजी रंगारीच की! आपली स्वप्ना बी.ए. झाली, आन् जावई रंगारी?"

स्वप्नाचं नाव ऐकून रत्नदीप चपापला. पाहुणे हेच! गप्प राहावं असं त्यानं ठरवलं, पण 'रंगारी' काही पचेना.

"मावशी, रंग नसतो तो. इंजिनातल्या आगीनं पाती वितळू नयेत म्हणून त्यांच्यावर चिनीमातीसारखा पातळ थर बसवतात. चुलीवर ठेवताना आपण पातेल्याला बाहेरून माती लावतो ना, तसा."

"म्हंजी इमानाची भांडी लिंपतो!"

"लई जोखमीचं काम आहे, मावशी."

"तुमाला कसं ठावं?"

"मी... त्याच कंपनीत आहे."

"बरं झालं घावलात! मग खरं सांगा, पावणं. पोरगा पितो बितो का?"

"नाय नाय!"

"तापट हाय?"

"नाय हो. चांगलाय. जरा लाजतो, एवढंच."

बाईनं त्याच्या लालबुंद कानांकडं नीट निरखून पाहिलं.

"दिसतंय," ती म्हणाली, आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अवो, सरका जरा. जावयाला बसू द्या."