हात बाहेर, नानाजी!

अन् म्हणे, "नानाजी, तुमचा हात लांब हाय, तुमीच बसा पुढं!" आता माहा हात लांब हाय, हा काय माहा गुन्हा हाय? मोटारीत बसाले मिळते म्हटल्यावर कोणाले आनंद होत नाही? मलेही झाला, खोटं कायले बोलू! सख्ख्या भाचीचं, पंचफुलाचं लगन कारंज्याले, बाराचा मुहूर्त, मी एकलाच मामा... अन् आमच्या किन्हीराजाचे दौलतसिंग आपणहून म्हणतात, बैलगाडीनं कायले जाता, माह्या मोटारीत चला! बसलो. बसल्यावर त्यायनं बाहेरून दार दोरीनं बांधलं! म्हणे, खटका ढिला हाय, सांडसान रस्त्यात.

मंग समजलं, मले कायले आणलं ते. तुमाले सांगतो, ते मोटार अमेरिकेची, हातात धराचं चाक डाव्या अंगाले. दौलतसिंग डावीकडे, मी उजवीकडे. उजवीकडे वळाचं तर हात दाखवा लागते, नाहीतर शिपाई धरते. अन् दौलतसिंगचा हात तिथवर पुरतच नाही! मंग काय... "हात बाहेर, नानाजी!"

बरं, मोटारीच्या मागं एक लाल दिवा असते. तो फुटलेला. म्हटलं, दिवसाढवळ्या दिवा कायले पाह्यजे? म्हणे, धुळीत मागच्याले दिसत नाही... अन् माह्या डोक्याकडे पाहून राह्यले. "नानाजी, तुमचा फेटा लालच हाय की!" लगनासाठी घेतलेला कोरा फेटा, मोटारीच्या बुडाले बांधला! मामा बोडका अन् मोटार फेट्यात!

पहिलं वळण आलं. "हात बाहेर, नानाजी!" काढला. समोरून आमच्या गावचा रामकिसन बैलगाडी घेऊन येऊन राह्यला होता. त्यानं हात पाह्यला अन् गाडी रस्त्याच्या मधातच उभी केली. "राम राम नानाजी! कुठी चालले?" आता हात दाखवला तर राम राम होणारच ना हो? अन् राम राम झाला तर म्हशीची इचारपूस होणारच! दौलतसिंग भोंगा वाजवून राह्यले अन् मी दुधाचा हिशोब सांगून राह्यलो.

मंगरूळपीरच्या अलीकडे नाला लागला. म्हणे, "हळू करतो हे मागच्याले सांगा. तळवा खाली, हात खालीवर हालवा." हालवला. अरे बापा, असा हात हालवून तर आपण कोणालेही जवळ बोलावतो! बांधावरून वळखीची चतुराबाई धावत आली, काखेत कोंबडा. "काहून बोलावलं?"

म्हटलं, "तुले नाही बोलावलं बाई, मोटार हळू होऊन राह्यली."

"वा! एवढी पळत आली मी, अन् आता नाही म्हणता?" बसली मागं. तिच्या मागून तिची शेजारीण धनीबाई. तिलेही म्याच बोलावलं म्हणे! कोंबडा माह्या बोडक्या डोक्याकडे पाहे, अन् बाजूले दौलतसिंग... "हात बाहेर, नानाजी!"

कारंज्यात शिरलो तवा बाराले दहा मिनिटं. अन् तोवर दौलतसिंगले सवयच लागून गेली होती हो! ते रस्त्याकडे पाहेचनात. हात आत तर सरळ, हात बाहेर तर उजवीकडे.

मांडव दिसला. दारात माही बहीण प्रयागबाई, डोळ्यात पाणी, रस्त्याकडे पाहून राह्यली. एकुलती बहीण... मले राहवलं नाही. "आलो, आलो प्रयागा!" म्हणत हात बाहेर काढला...

अन् मोटार उजवीकडे वळली!

"अहो, सरळ! मांडव तिकडे!"

"मंग हात कायले काढला तुमी?"

थेट कापसाच्या बाजाराची गल्ली! पुढं कापसाच्या गाड्या, मागं कापसाच्या गाड्या, माह्या दाराले बैलाचं पोट टेकलेलं. उतराचं तर दोरी सोडा लागते, अन् दोरी सोडाची तर उतरा लागते! दौलतसिंगच्या अंगाले भिंत. मागं दोन बाया अन् कोंबडा. जाता कुठी?

तिकडून सनई ऐकू आली. मंगलाष्टकं लागली. मामाच्या जागी पंचफुलाच्या पाठीशी शेजारच्या जगदेवले उभं केलं, हे मागून समजलं. जगदेवले! जत्रेत त्या पोरीले खांद्यावर म्या मिरवलं, अन् लगनात मागं उभा जगदेव! रडू आलं, लपवत नाही. बहिणीनं आवतनासंगं धाडलेल्या अक्षता खिशात तशाच होत्या. मूठ भरली. "सावधान" ऐकू आलं अन् हात बाहेर काढून मांडवाच्या दिशेनं फेकल्या.

मागच्या गाडीवाल्यानं बैल आवरले. "राम राम!" म्हणे, "आता कुठी वळता?"

म्हटलं, "राम राम भाऊ. कुठीच नाही."